स्टार वॉर्सच्या मालिका : नेमकं बिघडलं कुठे, आणि आता काय बघायचं?

पालशेतबंदर, गुहागर

नमस्कार मंडळी.

'अँडोर'चे दोन्ही सीझन, म्हणजे चोवीस भाग संपले. त्याच भरात 'ओबी-वान केनोबी', 'द बुक ऑफ बोबा फेट', 'द मँडलोरियन'चा तिसरा सीझन आणि 'द अॅकोलाइट' ओळीने लावले आणि मन खट्टू झालं. विश्व तेच, मालक कंपनी तीच, पैशाला तोटा नाही. तरी एका मालिकेत तुरुंगातल्या साध्या शिफ्टच्या भोंग्याने छातीत धडधडतं आणि दुसरीत जुन्या सिनेमांतला खलनायक डार्थ वेडर खुद्द समोर उभा राहिला तरी काही वाटत नाही. 'जुनं ते सोनं' असं मला म्हणायचं नाही, कारण 'अँडोर' नवीनच आहे.

जाणकारांना विचारायचं आहे ते असं. चुकतं ते लेखन, चित्रीकरण की लांबी? दुसरं, गणपतीला चाकरमानी घरी येतील. त्यात जुने तीन सिनेमे (१९७७, १९८० आणि १९८३ चे) पाहिलेला मेव्हणा आहे आणि अकरा वर्षांचा भाचा आहे. आरती आणि जेवणं उरकल्यावर रोज दोनेक तास मिळतील, असे सात दिवस. काय लावायचं आणि काय गाळायचं, ते भागांच्या क्रमांकासकट सांगा. तिसरं, यातल्या बऱ्याच मालिका टीव्हीवर काळवंडलेल्या दिसतात आणि संवाद ऐकू येत नाहीत. दोष टीव्हीचा की मालिकेचा?

आख्यान, कुडाळ

तुमचो प्रश्न बरोबर आसा. पण सगळ्यांना एकच औषध लागू पडणार नाही, कारण प्रत्येक मालिकेचं दुखणं वेगळं आहे.

'केनोबी' मुळात सिनेमा म्हणून आखलेली गोष्ट. २०१८ च्या 'सोलो'ला तिकीटबारीवर मार बसला, स्वतंत्र सिनेमांचा बेत बारगळला आणि त्या गोष्टीची २०२२ मध्ये सहा भागांची मालिका झाली. आगळ तेवढंच, नारळाचं दूध तेवढंच, पानं मात्र वाढलेली. मग सोलकढीत पाणी जातं तसं झालं. ते पाणी कुठे घातलंय तेही दाखवता येतं. तिसऱ्या भागाच्या शेवटी छोट्या लेयाला (जुन्या सिनेमांतली राजकन्या) पकडतात, चौथ्यात तिला किल्ल्यातून सोडवून आणतात. चौथा भाग उचलून बाजूला ठेवला तर गोष्टीला ओरखडाही येत नाही. लेयाच्या लोला नावाच्या खेळण्यात माग काढणारं यंत्र बसवलं जातं, एवढीच एक गोष्ट त्या भागातून पुढे जाते आणि ती एका वाक्यात सांगता येते. आणि सुटका कशी, तर लांब कोटाच्या आत मुलीला लपवून शिपायांच्या गर्दीतून चालत.

'शेवट ठाऊक असल्यामुळे रंगत गेली' असं पुष्कळजण म्हणतात. हे मला अजिबात पटत नाही. दशावतारात संकासुराचा वध होणार हे पुढच्या रांगेतल्या पोरालाही माहीत असतं. तरी लोक पहाटेपर्यंत हलत नाहीत, कारण तिथे 'कोण जिंकणार' हा प्रश्नच नसतो. आज हे दोघे समोरासमोर आल्यावर काय बोलणार, कोण कोणाला शब्दात अडकवणार, यासाठी माणूस बसलेला असतो. 'अँडोर'ने हे ओळखलं. तिचा नायक कॅशियन, त्याचं पुढे काय होतं ते 'रोग वन' या सिनेमाने २०१६ लाच दाखवलंय, म्हणून ही मालिका त्याच्या जिवाचा धोका ताणत बसत नाही. हा माणूस चोराचा लढवय्या कसा झाला आणि त्यात कोणाकोणाची किंमत गेली, तेवढंच ती विचारते. 'केनोबी'तही ओबी-वान आणि वेडर दोघे १९७७ च्या गोष्टीपर्यंत जिवंत राहणार हे उघड आहे, पण तिथे धोका पुन्हा पुन्हा मरणाचाच दाखवलाय. मग पात्रांना जिवंत ठेवण्यासाठी त्यांना मूर्ख करावं लागतं. तिसऱ्या भागात वेडर हाताच्या इशाऱ्याने आग विझवतो, ओबी-वानला निखाऱ्यांवरून फरफटवतो. थोड्याच वेळात आग पुन्हा पेटते, एक यंत्रमानव ओबी-वानला उचलून नेतो आणि वेडर पलीकडे नुसता बघत उभा. ज्याने घटकाभरापूर्वी आग विझवली, त्याच्यासमोर तीच आग अडसर म्हणून ठेवली आहे. त्याच भागात चौकीवर किरणांचं फाटक आहे आणि आजूबाजूला सगळा मोकळा माळ. गडगा नसलेल्या परड्याला बेडं घालावं तसं. कोणी म्हणेल, एवढ्या बारीक गोष्टीचं काय? पण प्रसंग लिहिताना तिथली जागा कोणी डोळ्यांसमोर आणली नव्हती, हे यातूनच कळतं.

'बोबा फेट'चं दुखणं निराळं. सात भागांपैकी पाचव्यात बोबा फेट एकदाही दिसत नाही, सहाव्यात क्षणभर दिसतो आणि तोही गप्प. ते दोन्ही भाग खरं तर 'मँडलोरियन'चे आहेत. मँडो (म्हणजे तो मँडलोरियन) आणि त्याने सांभाळलेलं पोर ग्रोगू यांची पुन्हा भेट, म्हणजे दुसऱ्या सीझनच्या शेवटी सगळ्यांना रडवणाऱ्या ताटातुटीचा उलगडा, दुसऱ्याच्या नावाच्या मालिकेत उरकून टाकलाय. तिथे मालिका दोन्हीकडून फसली. बोबाच्या चाहत्यांना बोबा मिळाला नाही, आणि फक्त 'मँडलोरियन' बघणाऱ्याला तिसऱ्या सीझनच्या सुरुवातीला कळेना की हे पोर परत आलं कसं.

'असोका'बद्दल थोडक्यात. दशावतारात पात्र आलं की झांज-पखवाजावर आधी आपली ओळख सांगतं, मग कथानक पुढे सरकतं. त्यामुळे गावात नवीन आलेल्या पाहुण्यालाही बसता येतं. 'असोका'तली माणसं ओळख न देताच जुन्या जखमांबद्दल बोलू लागतात. त्या जखमा 'क्लोन वॉर्स' (१३३ भाग) आणि 'रेबेल्स' (७५ भाग) या कार्टून मालिकांमध्ये झालेल्या. एवढा गृहपाठ केलेल्याला ती आवडते, बाकीचे तिसऱ्या भागात उठून जातात.

वाळू आणि उजेड, मालवण

लेखनाचं वरती आलंच आहे. चित्रीकरणाचं सांगतो, कारण 'खोटं वाटतं' असं म्हणणाऱ्यांना ते का वाटतं हे बऱ्याचदा सांगता येत नाही.

'मँडलोरियन'च्या पहिल्या सीझनसाठी एलईडीची भिंत उभारली, तिला 'व्हॉल्यूम' म्हणतात. सुमारे २० फूट उंच, २७० अंशांत वळलेली, वरती छतही एलईडीचंच, आणि मध्ये ७५ फूट व्यासाची जागा. भिंतीवर वाळवंट, डोंगर, आकाश असं चित्र चालतं आणि कॅमेरा हलला की त्या चित्रातली खोलीही त्याप्रमाणे सरकते. पहिल्या सीझनचा निम्म्याहून जास्त भाग असा चित्रित झाला. मँडोचं चिलखत आरशासारखं. हिरव्या पडद्यासमोर त्याच्यावर हिरवी झाक आली असती आणि ती पुसता पुसता पुरेवाट झाली असती. इथे चिलखतात खरोखरच सूर्यास्त उमटतो. हा फायदा फार मोठा.

आता तोटा बघा. तारकर्लीच्या वाळूत भर दुपारी उभ्या माणसाचा चेहरा आठवा. नाकाची सावली वरच्या ओठावर पडते आणि तिची कड सुरीने कापल्यासारखी. पांढऱ्या वाळूवरून उसळलेला उजेड हनुवटीच्या खालून चढतो. डोळे आपोआप बारीक होतात. सावलीला ही धार येते कारण सूर्य आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाचा ठिपका आहे. एलईडीची भिंत म्हणजे चारी बाजूंनी पसरलेलं आभाळ. उजेड सगळीकडून येतो, सावली पुसट होते आणि चेहरा श्रावणातल्या ढगाळ सकाळचा दिसतो. टॅटूइन या वाळवंटी ग्रहाला दोन सूर्य आहेत, पण अशा दृश्यात पायाशी एकही धड सावली नसते. डोळ्यांना हे लगेच खुपतं, मनाला मागाहून.

मग जागा. ७५ फूट म्हणजे सुमारे २३ मीटर. पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब असतं. दोन मैदानं लांबीला लांबी लावली तर या वर्तुळात मावणार नाहीत. त्यामुळे धावणं, पाठलाग, घोडदौड यांना वाव राहत नाही. माणसं मध्यभागी येतात, उभी राहून बोलतात, गोल फिरत लढतात. खरी वाळू जिथे संपते आणि चित्रातली सुरू होते ती रेघ लपवायला तिथे दगड, पिंपं, मोडकी यंत्रं रचतात. एकदा हे लक्षात आलं की प्रत्येक दृश्यात दिसायला लागतं.

तिसरी अडचण : कॅमेऱ्याने भिंतीवर स्पष्ट फोकस धरला तर एलईडीच्या ठिपक्यांची जाळी दिसते, लाटालाटांची नक्षी उमटते. म्हणून मागचं धूसर ठेवावं लागतं. शिवाय कॅमेरा हलल्यावर भिंतीवरचं चित्र काही फ्रेम उशिरा सरकतं, त्यामुळे झपकन कॅमेरा फिरवता येत नाही. प्रत्येक दृश्यात संथ कॅमेरा आणि धूसर पार्श्वभूमी आली की सगळ्या ग्रहांची हवा एकच वाटू लागते.

दोष भिंतीचा म्हणता येणार नाही. पहिल्या सीझनच्या छायाचित्रणात ग्रेग फ्रेझरने तिला तिच्या कलाने वापरलं : तिन्हीसांजेचा उजेड, खोल्यांचा अंतर्भाग, धुकं. असा उजेड मुळातच मऊ असतो. भर दुपारचं ऊन त्या भिंतीकडून मागितलं की ती उघडी पडते.

'अँडोर'ने ही भिंत टाळली. फेरिक्स गाव लंडनबाहेर मोकळ्या जागेवर बांधलं. अल्धानीचं धरण म्हणजे स्कॉटलंडमधलं क्रुआखन धरण. कॅशियनला पकडतात तो नियामॉसचा किनारा इंग्लंडमधल्या क्लीव्हलीजचा. दुसऱ्या सीझनमधल्या राजधानीच्या ग्रहासाठी, कोरुसांटसाठी, स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या आधुनिक इमारती वापरल्या. पहिल्या सीझनच्या बाराव्या भागातली अंत्ययात्रा परत लावा आणि फक्त पावलांकडे बघा. रस्त्याला उतार आहे, भिंतींना ओल आहे, गल्लीच्या तोंडाशी उजेड बदलतो, माणसं चालत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातात. गाव किती मोठं हे बघणाऱ्याला पायांनी कळतं.

कातळसडा, रत्नागिरी

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत, पण 'अॅकोलाइट'ला सरसकट मोडीत काढू नये. पाचवा भाग जवळजवळ पूर्ण लढाईचा आहे आणि तलवारबाजी इतकी स्वच्छ आहे की कोणाचा हात कुठे आहे ते दरवेळी दिसतं. तिथे महत्त्वाची पात्रं खरंच मरतात.

ती बिघडली ती मांडणीत. तिसरा आणि सातवा भाग एकाच रात्रीचे, दोन बाजूंनी सांगितलेले. कल्पना चांगली. पण मधले तीन भाग सगळी मोठी माणसं ती रात्र माहीत असूनही गप्प बसतात, आणि गप्प का बसतात याचं कारण एवढंच की लेखकाला ते सातव्यात उघड करायचंय. रहस्य पात्राच्या स्वभावातून यायला हवं. इथे ते वेळापत्रकातून आलंय. त्यात एकेक भाग आखूड, बरेचसे चाळीस मिनिटांच्या आतबाहेर, आठवड्याला एक. जून-जुलै २०२४ मध्ये आठ भाग आले आणि ऑगस्टमध्ये मालिका बंद झाल्याचं जाहीर झालं. शेवटच्या भागात डार्थ प्लेगस अंधारातून डोकावतो, योडाची पाठ दिसते आणि तिथेच संपतं. पुढे काही नाही, हे धरूनच बघायला बसा.

'मँडलोरियन'च्या तिसऱ्या सीझनवर माझा राग जास्त आहे. दुसऱ्या सीझनच्या शेवटी ठसवून सांगितलं की मँडलोरियनांवर राज्य करण्याचा हक्क देणारी काळी तलवार लढून जिंकावी लागते, कोणी हातात दिली तर चालत नाही. मँडो आणि त्या तलवारीवर हक्क सांगणारी बो-कटान यांच्यात काहीतरी होणार म्हणून चाहते दोन वर्षांहून जास्त थांबले. मग बाविसाव्या भागात (तिन्ही सीझनचे क्रमांक सलग धरून) मँडो भर सभेत हिशोब मांडतो : मला एका प्राण्याने पकडलं होतं, त्याला हिने हरवलं, म्हणजे तलवार हिची. लगेच सगळ्यांना पटतं. जमिनीचा सातबारा तलाठ्याकडे फिरवावा तशी तलवार फिरली. आणि चोविसाव्यात खलनायक मॉफ गिडियन ती मुठीत चिरडतो. एवढी वाट बघायला लावून त्या दोघांना एकमेकांसमोर एकदाही उभं केलं नाही, याचं वाईट वाटतं.

पालशेतबंदर

उजेडाचं वाचल्यावर 'बोबा फेट'चा पहिला भाग पुन्हा लावला. वाळवंटातल्या काही दृश्यांत सावली आहे, काहींत नाही. म्हणजे सगळं एकाच पद्धतीने केलेलं दिसत नाही. असो. आता सात संध्याकाळींचं कोणीतरी नीट सांगा. भाच्याला भीती वाटेल असं काही असेल तर तेही.

सागवेकर

सात संध्याकाळी दोन-दोन तास म्हणजे 'मँडलोरियन'चे पहिले दोन सीझन आणि 'बोबा फेट'चे शेवटचे तीन भाग बरोबर बसतात. जुने तीन सिनेमे पाहिलेल्याला याहून वेगळी तयारी लागत नाही, आणि अकरा वर्षांच्या मुलालाही गोष्ट समजते. भागांचे क्रमांक दोन्ही सीझन मिळून सलग चालतात : पहिला सीझन १ ते ८, दुसरा ९ ते १६.

पहिल्या दिवशी १ ते ३. हे तीन तुटता कामा नयेत, कारण तिसऱ्याच्या शेवटी मँडो पोराला सोडवायला परत फिरतो आणि मालिकेचा खरा आरंभ तिथे आहे. दुसऱ्या दिवशी ४ ते ६. वेळ कमी पडला तर पाचवा गाळता येतो, पण त्यात फेनेक शँड पहिल्यांदा येते, म्हणजे पुढे ती दिसल्यावर 'ही कोण' ते सांगावं लागेल. तिसऱ्या दिवशी ७ आणि ८, हे एकाच गोष्टीचे दोन तुकडे आहेत. त्या दिवशी वेळ उरतो, तो भजनाला द्या.

चौथ्या दिवशी ९ आणि १०. नववा मोठा आहे. दहाव्यात बर्फाच्या गुहेत कोळ्यांची अंडी फुटून शेकडो कोळी अंगावर येतात, भाचा कोळ्याला घाबरत असेल तर तो भाग सरळ सोडा, पुढे काही अडत नाही. पाचव्या दिवशी ११ ते १३ : बो-कटान अकराव्यात, असोका तेराव्यात. सहाव्या दिवशी १४ ते १६, मध्ये कोणाला उठू देऊ नका. चौदाव्यात ग्रोगूला नेतात, सोळाव्यात शेवट. सातव्या दिवशी 'बोबा फेट'चे ५, ६ आणि ७. हे दोन तासांत बसणार नाहीत, अडीच धरा.

यात एक निवड तुमची. सोळाव्या भागाचा शेवट इतका पुरा आहे की तिथेच थांबलं तरी चालेल. मी तर म्हणेन, पाहुण्यांना सहाव्या दिवशी विचारा. 'पुढे काय' असं भाच्याने स्वतःहून विचारलं तरच सातवा दिवस. तिसरा सीझन दाखवायचाच असेल तर 'बोबा फेट'च्या पाच-सहा-सातशिवाय दाखवू नका. त्यातला एकोणिसावा भाग मुलांना जड जातो, बहुतेक वेळ एका शास्त्रज्ञाच्या कोरुसांटवरच्या दिवसांचा आहे आणि जवळपास तासाभराचा.

'बोबा फेट'चा दुसरा भाग सुटा बघण्यासारखा आहे. वाळवंटातल्या टस्कन लोकांबरोबर तो राहतो, त्यांना वाहनं चालवायला शिकवतो आणि सगळे मिळून आगगाडी अडवतात. पूर्ण मालिका या भागासारखी झाली असती तर हा धागाच निघाला नसता.

'केनोबी' मेव्हण्याला दाखवायचीच असेल तर १, २, ३, ५, ६. पहिल्यातला जंगलातला छोट्या लेयाचा पाठलाग पुढे पळवा, मोठी माणसं लहान मुलीला पकडू शकत नाहीत असं ते दृश्य आहे आणि तिथूनच लोकांचं मन उडतं. पाचव्या भागात ओबी-वान आणि अॅनकिन (वेडर होण्याआधीचा) यांचा जुना सराव आजच्या वेढ्याबरोबर आलटून पालटून येतो, आणि सहाव्यातलं फुटलेल्या मुखवट्यामागचं बोलणं. या दोन गोष्टींसाठी मालिका बघावी.

'असोका' आवडावी असं वाटत असेल तर ७५ अधिक १३३ भागांची गरज नाही. 'क्लोन वॉर्स'च्या सातव्या सीझनचे ९ ते १२, 'रेबेल्स'च्या दुसऱ्या सीझनचा दोन भागांचा शेवट, तिसऱ्या सीझनची सुरुवात ('असोका'तला खलनायक थ्रॉन तिथे येतो) आणि चौथ्याचा शेवट. एवढ्यावर 'असोका'तले नव्वद टक्के संवाद समजतात. अॅनकिन भेटतो तो पाचवा भाग तर या तयारीनंतर फार वेगळाच वाटतो.

चिरेबंदी, राजापूर

काळोखाचं आणि आवाजाचं. दोष थोडा मालिकांचा आहे, बराचसा टीव्हीच्या मांडणीचा, आणि आपल्याकडे घराच्या भिंतींचाही.

आधी टीव्ही. चित्राच्या सेटिंगमध्ये 'फिल्ममेकर मोड' किंवा 'सिनेमा' निवडा. वीज वाचवणारा 'इको' आणि खोलीच्या उजेडाप्रमाणे चित्र बदलणारा सेन्सर, दोन्ही बंद करा. अंधाऱ्या दृश्यात चित्र आपोआप आणखी मंद होतं ते यांच्यामुळे. मग चित्र गुळगुळीत करणारी सोय बंद करा. एलजीमध्ये तिला ट्रूमोशन म्हणतात, सोनीत मोशनफ्लो, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस. ही चालू असली की सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसतो आणि एलईडी भिंतीचा खोटेपणा दुप्पट जाणवतो. 'मँडलोरियन'ला वर-खाली काळ्या पट्ट्या असतातच, त्या घालवायला झूम केलंत तर दोन्ही बाजूंचं चित्र कापलं जातं.

स्वस्त फोर-के टीव्हीवर एचडीआरचा शिक्का असतो पण पडद्याला तेवढा प्रकाश नसतो, म्हणून एचडीआर लागलं की उलट चित्र बुडतं. अशा टीव्हीवर बॅकलाइट पूर्ण वाढवा. त्यानेही भागलं नाही तर अॅपमध्ये दर्जा फोर-केवरून फुल एचडीवर आणून बघा, बऱ्याचदा साधं चित्र जास्त स्पष्ट दिसतं. पडवीतून उजेड थेट पडद्यावर येत असेल तर तिन्हीसांजेआधी 'केनोबी' लावूच नका.

आकाशात किंवा अंधारात पायऱ्यापायऱ्यांसारखे पट्टे दिसत असतील तर बऱ्याचदा तो टीव्हीचा दोष नसतो, इंटरनेट अपुरं पडत असतं. दर्जा 'ऑटो'वर असला की संध्याकाळी सगळं गाव ऑनलाइन आल्यावर अॅप गुपचूप खालचा दर्जा लावतं, आणि सगळ्यात आधी काळ्या छटा जातात. इथे जांभ्याच्या भिंती लक्षात घ्या. चिऱ्याच्या जाड भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झचं वायफाय जवळजवळ पोचत नाही, पावसाळ्यात भिंतींनी ओल धरली की आणखी कमी. राउटर आणि टीव्ही एका खोलीत नसतील तर २.४ गिगाहर्ट्झवर जोडा. त्याहून बरं म्हणजे दाराच्या चौकटीतून लॅनची केबल ओढा. पंधरा-वीस मीटर कॅट-६ केबल पुरते आणि प्रश्न कायमचा मिटतो. फुल एचडीला तासाला साधारण दोन-तीन जीबी धरा, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बघणार असाल तर सात दिवसांचा हिशोब आधी करा.

वीज गेल्यावर फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर छोटा यूपीएस दोन्हींना लागतो. नुसता राउटर चालू ठेवून उपयोग नाही, हीच चूक सगळीकडे होते. दोन्ही बहुतेक १२ व्होल्टवर चालतात, अडॅप्टरवरचा आकडा वाचून मगच जोडा.

आवाज : ध्वनी ५.१ चा, म्हणजे सहा वाहिन्यांचा असतो आणि टीव्हीला दोनच स्पीकर. संवाद मधल्या वाहिनीत असतात, ते दाबले जातात आणि स्फोट वर येतात. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये संवाद उठावदार करणारी सोय असते, 'क्लिअर व्हॉइस' किंवा तत्सम नावाने, ती चालू करा. 'सराउंड' नावाची नकली सोय बंद करा, ती संवाद आणखी पसरवते. पत्र्याच्या छपरावर पाऊस पडत असेल तर यातलं काही पुरणार नाही, उपशीर्षकं लावा. मुलांसाठी आवाजाच्या यादीत हिंदी आहे का तेही बघा, भागागणिक तपासा.

जिओहॉटस्टारचं मोबाइलपुरतं सबस्क्रिप्शन टीव्हीवर चालत नाही, हे पाहुणे यायच्या आधी तपासा. आणि घरी बघा. मंडळाच्या मंडपात पडद्यावर दाखवायला घरगुती सबस्क्रिप्शनची परवानगी नसते.

आख्यान, कुडाळ

सागवेकरांच्या यादीत भर. 'अँडोर' मेव्हण्याला दाखवाल तेव्हा भाग सुटे लावू नका. पहिला सीझन १-३, ४-६, मग ७ एकटा, ८-१०, आणि ११-१२ असा बघा. दुसरा सरळ तीन-तीनचा, प्रत्येक तिकडीत एक वर्ष पुढे. तो आला होताच तसा, एप्रिल-मे २०२५ मध्ये आठवड्याला तीन भाग. पहिला भाग बघून 'काहीच घडत नाही' म्हणणारे बहुतेक तिसऱ्यापर्यंत थांबलेले नसतात.

८ ते १० म्हणजे नार्किनाचा तुरुंग. एका खोलीत सात टेबलं, टेबलाला सात माणसं, बारा तासांची पाळी, पाय अनवाणी आणि फरशीतून वीज सोडायची सोय. म्हणून भिंतीला गज नाहीत, कुलपं नाहीत, फरशीच तुरुंग आहे. हे सगळं पहिल्या दहा मिनिटांत कैद्याच्या पायांतून समजतं, आणि दहाव्या भागात ते पळतात तेव्हा यातली प्रत्येक गोष्ट कामाला येते : पाणी, फरशी, टेबल, पहारेकऱ्यांची संख्या. ते टेबलांवर काय बनवत होते याचं उत्तर बाराव्या भागाच्या श्रेयनामावलीनंतर आहे, टीव्ही लगेच बंद करू नका.

भाच्याला मात्र ही मालिका आत्ता नको. पहिल्या सीझनच्या नवव्या भागात आवाजाने केलेला छळ आहे, दुसऱ्याच्या तिसऱ्या भागात एका बाईवर बळजबरीचा प्रयत्न आहे. त्याच्यासाठी 'स्केलेटन क्रू' लावा, आठ भाग, त्याच्याच वयाची मुलं, आणि आधीचं काही माहीत असायची गरज नाही.

पालशेतबंदर

सगळ्यांचे आभार. केबल मागवली आहे, वीस मीटर. मोशनची ती सोय बंद केल्यावर 'मँडलोरियन'चा पहिला भाग खरंच वेगळा दिसला. दहावा गाळतो आणि सहाव्या दिवशी भाच्याला विचारतो. मेव्हण्याला 'अँडोर'च्या दुसऱ्या सीझनच्या शेवटच्या तिकडीनंतर त्याच रात्री 'रोग वन' लावला तर चालेल का, की मध्ये एक दिवस जाऊ द्यावा?

सागवेकर

त्याच रात्री लावा. मालिका जिथे संपते तिथून सिनेमातल्या कॅशियनच्या पहिल्या दृश्यापर्यंत फार वेळ जात नाही. मध्ये झोप झाली की ती लय तुटते. चार-साडेचार तास लागतील, तेव्हा जेवणं आधी उरका.